नळीतली माती

"उचल," मी म्हणत होते. "हर्षाली, उचल आता."

रेडिओचं बटण मी दाबलेलं नव्हतं. एकट्यानं उडणाऱ्या विद्यार्थ्याच्या कानात ऐन उड्डाणाच्या वेळी कुणी बोलायचं नसतं, हे वर्गात मीच शिकवत असे. त्यामुळे टॉवरच्या काचेला कपाळ टेकवून मी नुसती पुटपुटत होते, आणि खाली आमचं दोन माणसांचं पांढरं विमान धावपट्टीवरून धावतच होतं. चाकं नेहमी जिथं जमीन सोडतात ती जागा मागं पडली. वाऱ्याची दिशा दाखवणारा नारिंगी मोजा मागं पडला. विमानाचं नाक एकदा वर झालं, पुन्हा खाली बसलं. मग इंजिनाचा आवाज एकदम पडला आणि ब्रेकखाली टायर किंचाळले.

धावपट्टी संपली तरी विमान थांबलं नाही. पलीकडच्या चरात पुढचं चाक गेलं आणि ते तुरीच्या शेतात नाकावर उभं राहिलं. शेपटी थोडा वेळ आकाशात तशीच होती. मग ती सावकाश खाली आली.

पाचवा महिना चालू होता, म्हणून मला धावायला बंदी होती आणि उडायलाही. टॉवरचे जिने उतरून मी पोहोचेपर्यंत उकंडराव अग्निशामक नळकांडं घेऊन तिथं होते. आमच्या शाळेचे ते सगळ्यात जुने मेकॅनिक. पन्नाशी उलटलेली, अंगात कायम निळा सदरा, आणि चालणं एरवी इतकं संथ की विद्यार्थी त्यांची नक्कल करायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी दार उपटून हर्षालीला लहान पोरासारखं बाहेर काढलं होतं. तिच्या हनुवटीतून रक्त वाहत होतं.

"जिती हाये, ताई," ते लांबूनच ओरडले. "जिती हाये. तुमी पळू नका."

हर्षाली माझी विद्यार्थिनी. सोलापूरची, म्हमाण्यांची. वडील नव्हते, आईचा या शिक्षणाला जीव तोडून विरोध होता. माझं उडणं बंद होईपर्यंत तिचे सगळे धडे मीच घेतले होते. आमचे मुख्य प्रशिक्षक कॅप्टन रणदिवे विमानाभोवती एक फेरी मारून आले आणि माझ्यापाशी थांबले.

"घाबरली," ते म्हणाले. "पूर्ण धावपट्टी होती, पूर्ण ताकद होती. उचललंच नाही तिनं. तुमची लाडकी."

"विमानात काही बिघाड असेल, सर."

"इंजिन ठणठणीत वाजत होतं, आपण सगळ्यांनी ऐकलं. चौकशी होईल, पण कारण मला आत्ताच दिसतंय. चौकशीत तसं आलं की नाव कमी करावं लागेल तिचं. आणि ते एकदा कागदावर आलं की दुसरी कुठली शाळा तिला दारात उभी करणार नाही."

संध्याकाळी मी दवाखान्यात गेले. हर्षालीच्या गळ्याचं हाड मोडलं होतं, हात झोळीत होता, हनुवटीला टाके. उशाशी फोन वाजत होता आणि ती घेत नव्हती.

"आईचा आहे," ती म्हणाली. "सकाळपासून एकच वाक्य. बास झालं, घरी ये. मॅडम, काटा चाळीसवर होता."

"कुठला काटा?"

"वेगाचा. आधी हलला, चाळीसपर्यंत आला आणि तिथंच बसला. मी पन्नासची वाट बघत होते."

"पण हर्षाली, विमान हलकं होतं ना. नाक आपणहून वर येत होतं. मला लांबून दिसलं. तुला हाताला नाही कळलं?"

"कळलं की." तिनं माझ्याकडं पाहिलं. "पण तुम्हीच सांगता, हाताला काय वाटतंय त्यावर जाऊ नको, काट्यावर जा. काटा पन्नास म्हणाल्याशिवाय उचलायचं नाही."

खरंच मी तसं सांगत असे. नवशिक्यांना तसंच सांगायचं असतं.

"रणदिवे सरांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, काटा आता शून्यावर आहे. थांबलेल्या विमानाचा काटा शून्यावरच येणार ना, मॅडम? मग मी खरं बोलतीये हे कोण सांगणार?"

मी तिच्या केसांतली तुरीची पानं वेचत बसले.

मैना, माझी मुलगी, दुपारी झोपते तेवढ्या वेळात मी हे लिहिते आहे. ती उठली की वही मिटायची, त्यामुळे फार सजवत नाही. इथली सगळी नावं बदलली आहेत, तिचंसुद्धा. का बदलली ते पुढं कळेलच.

दवाखान्यातून क्वार्टरवर परतले तर पायरीवर उकंडराव बसलेले. मला पाहून उठले. दारातच उभे राहिले, आत येईनात.

"बसा, ताई. आधी तुमी बसा."

"भाऊ, तुम्हाला विमानापाशी थांबायला सांगितलं होतं ना?"

"चौकीदार हाये तिथं. म्या हात नाही लावला कशाले." मग म्हणाले, "म्हणजे एका ठिकाणी लावला. हवेच्या नळीत गवताची काडी घालून पाह्यली. बोटभर गेली अन् अडली."

डाव्या पंखाखाली बोटाएवढी एक नळी असते, तोंड पुढं करून. विमान धावतं तसा वारा तिच्यात शिरतो आणि त्या दाबावर वेगाचा काटा चालतो. नळी पुरती बुजली तर काटा हलतच नाही, आणि वैमानिकाला लगेच समजतं. अर्धवट बुजली तर तो हलतो, पण खोटं सांगतो. ते सगळ्यात वाईट.

"काय आहे आत?" मी विचारलं.

"माती. कुंभारणीनं घर केलं."

कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची माशी. तोंडातून ओली माती आणते, भोकाभोकांत मडकी घडवते, त्यात कोळी भरून अंडं घालते. विमानवाल्यांचा जुना वैरी. म्हणून उभ्या विमानाच्या नळीवर कापडी टोपी चढवायची रीत आहे. विमानं ठेवतो त्या हँगरच्या आत मात्र आम्ही टोपी घालत नसू, कारण तिथं उकंडराव कुंभारणीला टिकूच देत नसत. दर सोमवारी लांब बांबू घेऊन छताच्या कैच्या, खिडक्यांच्या चौकटी, सगळं खरवडून काढायचे. विद्यार्थी म्हणायचे, भाऊंचा सोमवारचा उपास कुंभारणीला घडतो.

मला उभ्या उभ्या हलकं वाटलं. "म्हणजे हर्षाली खरं बोलतीये. भाऊ, पोरगी सुटली." आणि मग लक्षात आलं. "पण तुम्ही तर एक घर राहू देत नाही."

ते सदऱ्याच्या बाहीनं दाराची कडी पुसायला लागले.

"भाऊ?"

"यंदा नाही मोडले."

"का?"

त्यांनी माझ्या पोटाकडं पाहिलं आणि लगेच नजर अंगणाकडं वळवली.

"तुमाले दिवस गेल्याचं समजलं तवापासून बांबू नाही उचलला. जिथं बाई पोटुशी असते तिथंच कुंभारीण घर बांधते, ताई. ते मोडाचं नसते. आमची माय मोडू देत नव्हती."

"भाऊ, तुम्ही मेकॅनिक आहात."

"हाव. नट ढिला त नट ढिला, तिथं म्या देवाचं नाव नाही घेतलं कधी. पण मागच्या वर्षी तुमाले दिवस होते. मले मालूम नव्हतं. कोणालेच मालूम नव्हतं. सोमवारी म्या सारे घरं पाडले. एक ओलं होतं, त्या दिवशीच बांधलेलं. अन् मंगळवारी तुमाले दवाखान्यात नेलं."

मागच्या वर्षीचं ते मी कुणाशी बोलत नसे. नवऱ्याशीसुद्धा फारसं नाही. तो नागपूरला नोकरीत, शनिवारी यायचा, आणि शनिवारी काय काय बोलणार. आणि हा माणूस वर्षभर ते अंगावर घेऊन माझ्यासमोरून संथ चालत होता, विमानं पुसत होता, मला 'ताई, सावलीत बसा' म्हणत होता.

"त्याचा ह्याच्याशी काही संबंध नव्हता," मी म्हटलं. "डॉक्टरांनी सांगितलं होतं. कशानंही झालं नाही, नुसतं झालं."

"अशीन. तुमी शिकलेल्या हा. माह्यं मन नाही मानलं."

मी चहा टाकला. ते पायरीवरच बसले. कप हातात घेतला तेव्हा त्यांच्या बोटांच्या चिरांतलं काळं ग्रीस दिसत होतं, साबणानं कधीच न निघणारं.

"उद्या चौकशीवाले येतीन," ते म्हणाले. "तार घातली का माती निंघते. चिमूटभर हाये. मंग नळी साफ, काटा बरोबर, अन् चूक पोरीची."

"आणि नाही घातली तर?"

"त माह्यी."

तुरीच्या शेताकडून टॉर्चचा उजेड हलताना दिसत होता. चौकीदार फेऱ्या घालत असावा. मला दोघंही हवी होती, हर्षालीही आणि हेही.

"भाऊ, तुम्ही मला का विचारताय हे?"

"विचारून नाही राहिलो, सांगून राहिलो. विचारलं असतं त तुमाले जड झालं असतं." त्यांनी कप पालथा घालून ठेवला. "तार घालाची असती त इथं आलोच नसतो. त्या पोट्टीची हनुवटी फुटली, ताई. म्या रक्त पुसलं तिचं. आता तिच्यावर हे बी टाकू काय?"

"मग मी चौकशीत सांगते, तुम्ही घरं का मोडली नाहीत ते. ऐकून घेतील. माणसंच आहेत तीही."

"तेच सांगाले आलो." पहिल्यांदाच त्यांचा आवाज कडक झाला. "लेकराचं नाव त्यात येऊ देऊ नका. जल्माच्या आधीच, ह्याच्यापायी इमान पडलं, असं कोणाच्या तोंडात नाही आलं पायजे. लोक आज हसतीन अन् उद्या लेकराले ऐकवतीन. माह्यं नाव पाहा, उकंडा. माह्या आधीचे तीन गेले म्हणून मले उकिरड्यावर ठेवून पुन्हा उचललं होतं. म्हातारा झालो तरी लोक विचारतात, तूच का तो. आधीच्याचं ओझं नंतरच्यावर नाही टाकाचं."

"मग कारण काय सांगणार?"

"सांगीन काहीतरी. तुमी डाव्या कुशीवर झोपा."

दुसऱ्या दिवशी चौकशी अधिकारी आले. खरोटे त्यांचं नाव, कमी बोलणारे, चष्मा सारखा पुसणारे. हर्षालीही हट्टानं दवाखान्यातून आली, झोळीतला हात सांभाळत. खरोटेंनी सगळ्यांच्या देखत नळी काढून घेतली आणि वर्गातल्या टेबलावर पांढऱ्या कागदावर हलकेच ठोकली. मातीचे तीन-चार खडे पडले. त्यांच्याबरोबर वाळलेल्या कोळ्याचे बारीक पाय.

"काटा किती दाखवत होता म्हणालात?" त्यांनी हर्षालीला विचारलं.

"चाळीस, सर."

"दाखवेल. तेवढंच दाखवेल."

हर्षाली हसली आणि त्याच वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. टाके ताणले म्हणून तिनं हनुवटी हातानं धरली. कॅप्टन रणदिवे खिडकीबाहेर पाहायला लागले.

"हँगरमधली घरं कोण काढतं?" खरोटेंनी विचारलं.

"मी काढतो, साहेब," उकंडराव म्हणाले. ते दारापाशी उभे होते, टोपी हातात.

"शेवटची कधी काढलीत?"

"लई दिवस झाले. तीन महिने."

"का?"

मी उठले. काय बोलणार ते ठरवलेलं नव्हतं. नुसतं वाटलं की आता उठलं नाही तर कधीच उठता येणार नाही. "सर, त्याला एक कारण आहे. ते..."

"ताईले काही मालूम नाही," उकंडराव माझ्याकडं न पाहता म्हणाले. "त्या सध्या उडत नाहीत. हँगरात येतच नाहीत. म्या आळस केला, साहेब. बांबू उचलाचा कंटाळा आला."

मागच्या बाकावर एक तरुण मेकॅनिक खुदकन हसला. उकंडराव आणि आळस हे त्याला खरंच विनोदी वाटलं असणार. मग कुणीच हसत नाही हे पाहून तो गप्प झाला.

खरोटेंनी चष्मा काढला. "मी सकाळी बाकीची विमानं पाहिली. आळशी माणसाच्या हातची वाटली नाहीत."

"दिसण्यावर काय असते, साहेब."

"पुन्हा विचारतो. दुसरं काही कारण? वरून कुणी सांगितलं? साहित्य नव्हतं?"

"नाही. आळसच."

खरोटे माझ्याकडं वळले. "तुम्ही काहीतरी सांगत होता."

उकंडरावांनी तेव्हा माझ्याकडं पाहिलं. विनवणी नव्हती त्या नजरेत, धाकही नव्हता. एखादं भारी इंजिन दोघांनी उचलून धरलेलं असावं आणि पलीकडच्यानं नुसतं डोळ्यांनी सांगावं, आत्ता सोडू नका, तसं काहीतरी होतं.

"काही नाही, सर," मी म्हटलं, आणि खाली बसले.

अहवालात शब्द आले ते असे: देखभालीतील निष्काळजीपणा. नळीवर कापडी टोपी हँगरच्या आतही घालायचा नियम झाला. हर्षालीचं नाव कुठंही वाईट आलं नाही. गळ्याचं हाड जुळल्यावर ती पुन्हा उडायला लागली, आणि आता काट्यावर आणि हातावर दोन्हींवर जायची. उकंडरावांना मात्र जायला सांगितलं. ते गेले त्या दिवशी मी फाटकापर्यंत गेले. हातात एक पिशवी फक्त. पाने-पकडी संस्थेच्या होत्या, त्या त्यांनी पुसून जागेवर लावून ठेवल्या होत्या.

"उनात काहून आल्या?" ते म्हणाले. त्याखेरीज काही बोलणं झालं नाही, कारण बस आली.

मैना झाली तेव्हा मी त्यांना फोन केला. पलीकडं पाण्याच्या मोटारींचा आवाज येत होता. तसा शेरा लागलेल्या माणसाला विमानांपाशी कोण उभं करणार? गावात ते मोटारी आणि फवारणीचे पंप दुरुस्त करत.

"लेकरू लगेच रडलं काय?" त्यांनी विचारलं.

"लगेच. खूप मोठ्यानं."

"बस मंग."

येते तिला घेऊन, मी दर वेळी म्हणायचे. मोठी होऊ द्या, ते म्हणायचे, इकडं ऊन लई. मग तिचे दात आले, ताप आले, माझी नोकरी परत सुरू झाली, बदली झाली. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मैना स्वतःच्या पायानं जिने चढायला लागली होती. मी तिला घेऊन गेले नव्हते. आता नेण्यासारखं तिथं कुणी नव्हतं.

मागच्या आठवड्यात हर्षाली जेवायला आली. मोठ्या विमानावर सहवैमानिक आहे आता. खांद्यावरच्या पट्ट्या मैनाला भारी आवडल्या. ती तिच्या मांडीत चढून त्या मोजत बसली. मी पाटावर बसून भात कालवत होते. बोलता बोलता जुन्या दिवसांचा विषय निघाला आणि हर्षालीनं हनुवटीवरचा व्रण चोळला.

"मॅडम, तो माणूस आता कुठं असतो हो? उकंडराव."

"गेले ते. उन्हाळ्यात."

"वाईट वाटलं. पण खरं सांगू? मी कधी माफ नाही केलं त्यांना. आठवड्यातनं एकदा बांबू फिरवायचा. तेवढा कंटाळा. मी मेले असते."

मी बऱ्याच वेळा ठरवलं होतं की एवढं तरी हिला सांगायचं. एवढं सांगायला त्यांनी मनाई केली नव्हती.

"चौकशीच्या आदल्या संध्याकाळी त्यांना नळीतली माती सापडली होती," मी म्हटलं. "तारेनं काढून टाकली असती तर कुणालाही कळलं नसतं. दोष तुझ्यावर आला असता. त्यांनी ती तशीच ठेवली. तुझ्यासाठी."

हर्षालीचा हात हनुवटीवरच राहिला. मैना तिच्या खांद्यावरची पट्टी नखानं खरवडत होती, आणि तिला ते जाणवतही नव्हतं.

"हे मला कुणी सांगितलं नाही."

"मी आत्ता सांगतीये."

"मग मला कळतच नाही काही," ती म्हणाली. "एवढा खरा माणूस. असा माणूस तीन महिने एक साधं काम टाळेल? का टाळलं असेल, मॅडम?"

मैनानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. हल्ली ती सगळं ऐकते, आणि ऐकलेलं दुसऱ्या दिवशी अंगणात सगळ्यांना सांगते.

"आळस," मी म्हटलं. "ते स्वतःच म्हणाले होते ना. आळशी होते."

नवा शब्द मिळाला की मैना तो तोंडात घोळवते. "आळशी कोण, आई?"

"एक आजोबा होते."

"माझे?"

हर्षालीनं तिला जवळ ओढलं आणि तिच्या कपाळावरचे केस मागं सारले. "नाही गं बाळा," ती हळूच म्हणाली. "तुझे कोणी नव्हते ते."